चारशे दहा ग्रॅमची लेन्स

माणसानं आपल्या खात्याबाहेर शहाणपण चालवू नये, हे निरीक्षकांना वयाच्या चोपन्नाव्या वर्षी कळलं. कळलं तेव्हा त्याचा काही उपयोग नव्हता. शहाणपणाची खोडच अशी की ते गाडी सुटल्यावर धापा टाकत फलाटावर येतं. निरीक्षकांची स्वतःची गाडी चुकली असती तर एक वेळ हरकत नव्हती. चुकली ती ताईची, आणि ती चुकवली यांनी.

निरीक्षक म्हणजे वजनमापे खात्यातले निरीक्षक. दुकानदाराचा काटा तपासायचा, खरा निघाला तर तारेनं बांधून त्यावर शिशाची मोहोर ठोकायची, आणि खोटा निघाला तर दुकानदाराचं तोंड उतरेपर्यंत त्याच्याकडे नुसतं बघत राहायचं, असं ते काम. यातलं बघत राहणं त्यांना फार उत्तम साधलं होतं. काट्याची सुई शून्यापासून केसभर ढळली तरी यांना दहा पावलांवरून दिसते, अशी बाजारात ख्याती होती. वीस वर्षांपूर्वी ती खरीही होती. अलीकडे दहा पावलांवरची सुई अजून दिसायची, पण हातातल्या पावतीवरचे आकडे मुंग्यांसारखे इकडेतिकडे पळायला लागले होते. डॉक्टरनं जवळचा चष्मा दिला होता. पण चष्मा चाचपणाऱ्या निरीक्षकाला कोणता दुकानदार भिणार? तेव्हा चष्मा कपाटात राहायचा, आणि सकाळी वर्तमानपत्रापुरता, तोही दार लोटून, नाकावर चढायचा. घरातल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि सगळे हे ठाऊक नसल्यासारखं वागत. संसार म्हणतात तो यालाच.

तर ताई. ही निरीक्षकांची थोरली बहीण. मोठ्या सरकारी इस्पितळात टेलिफोनवर. चौतीस वर्षं तळघराच्या तोंडाशी असलेल्या एका खोलीत, भोकाभोकांच्या उंच बोर्डासमोर बसून, ती या वॉर्डाची तार त्या डॉक्टरच्या भोकात खुपसत आली होती. बाहेरच्या जगात असले बोर्ड कधीच मोडीत निघाले होते. इस्पितळाचा बोर्ड बदलण्याची फाईल ताई नोकरीला लागली त्याच वर्षी निघाली, आणि चौतीस वर्षं या टेबलावरून त्या टेबलावर फिरत ताईच्या निवृत्तीच्या महिन्यात मंजूर होऊन आली. सरकारी काम वेळेवर होत नाही असं म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. महिन्याच्या शेवटच्या दिवशी पाच वाजता ताई घरी जाणार होती आणि सहा वाजता बोर्ड भंगारात.

एका रविवारी ती आली, चहा प्याली, आणि उठता उठता सहज म्हणावं तसं म्हणाली, "छोट्या, तुझ्याकडे तो मोठा कॅमेरा आहे ना? माझा एक फोटो काढशील का रे? बोर्डापाशी."

"एक काय, शंभर काढतो!"

"शंभर नकोत. एकच, पण चेहरा नीट दिसेल असा." ती जरा लाजली. "चौतीस वर्षं सगळ्यांनी माझा आवाज ऐकला, पण बाई दिसते कशी हे कुणाला माहीत नाही. परवा एक नवे डॉक्टर जिन्यात मलाच विचारत होते, टेलिफोनच्या बाई कुठं बसतात हो म्हणून."

ताईनं जन्मात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. आई गेल्यावर निरीक्षकांच्या शाळेची फी भरली ती तिनं, त्यांना पहिली लांब विजार शिवली ती तिनं, त्यांच्या लग्नात सगळ्यांचे रुसवे काढले तेही तिनंच. आज चोपन्न वर्षांत पहिल्यांदा तिनं तोंड उघडलं होतं, आणि मागून मागितला तो एक फोटो. निरीक्षकांना भरून आलं, आणि इथंच घात झाला. भरून आलेला माणूस साधं काम साधेपणानं करत नाही.

कॅमेरा लेकीनं तिच्या पहिल्या पगारातून घेऊन दिला होता. उत्तम होता. इतका उत्तम की त्याला निरीक्षकांची गरजच नव्हती. तो स्वतः चेहरा शोधायचा, त्या चेहऱ्यावरचा डोळा शोधायचा, त्याभोवती हिरवी चौकट काढायचा, आणि निरीक्षकांनी फक्त बटण दाबायचं. ज्या माणसानं आयुष्यभर तपासल्याशिवाय कशावर सही केली नाही, त्याला हे कसं रुचावं? बटण काय, माकडही दाबेल. ताईच्या फोटोत आपली म्हणून काही मेहनत हवी, काही कसब हवं, असं त्यांनी मनाशी घेतलं.

त्याच आठवड्यात ते एका भंगारवाल्याचा काटा तपासायला गेले. पितळेच्या नळांच्या ढिगात एक जुनी लेन्स पडली होती. काळी, जड, पुढची काच जांभळट चमकणारी, अंगावर बारीक खाचांच्या दोन कड्या. एक कडी फिरवली की आतली काच पुढंमागं सरकायची, दुसरी फिरवली की आतल्या पात्या फुलासारख्या मिटायच्या. निरीक्षकांनी कडी फिरवली, आणि ती अशी काही मऊ, दमदार फिरली की त्यांचा जीव तिच्यात अडकला. भंगारवाला म्हणाला, "साहेब, न्या तशीच." निरीक्षक म्हणाले, "तशीच नेली तर लाच होईल." शेवटी ती पितळेच्या भावानं, त्यांनीच नुकत्याच मोहोर लावलेल्या काट्यावर जोखली गेली. चारशे दहा ग्रॅम. एखादी लेन्स कायदेशीरपणे इतक्या अचूक वजनानं विकली गेल्याचं दुसरं उदाहरण नसावं.

घरी बायकोनं ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "कॅमेऱ्याला लेन्स होती ना?"

"होती. पण ती आपोआप चालते."

"मग?"

या 'मग'ला उत्तर नव्हतं. नवऱ्यांच्या बऱ्याच उद्योगांना या 'मग'पुढं उत्तर नसतं, म्हणूनच ते उद्योग घराबाहेर सुरू होतात.

जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसत नाही, मध्ये एक जोडकडी लागते, हे त्यांना दुरुस्तीवाल्यानं सांगितलं. हा दुरुस्तीवाला एका जिन्याखाली बसायचा आणि कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी एक सुस्कारा सोडायचा. पहिली जोडकडी बसली, पण लेन्स तिच्यात लहान मुलाच्या दातासारखी हलायला लागली. दुसरी घट्ट बसली, पण तिच्यातून दूरचं काही स्पष्ट दिसेना. तिसरी बाहेरून मागवावी लागली आणि तिच्यापायी पैसे गेले ते लेन्सच्या किमतीच्या कितीतरी पट. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथं तर नथीचा फासाच नाकाहून जड झाला होता.

तिसरी कडी बसली. निरीक्षकांनी श्वास रोखून बटण दाबलं. कॅमेऱ्यानं पडद्यावर लिहून दाखवलं, 'लेन्स जोडलेली नाही.' निरीक्षकांनी लेन्स काढून पुन्हा बसवली. 'लेन्स जोडलेली नाही.' चारशे दहा ग्रॅम डोळ्यांसमोर लटकत असताना हे यंत्र तोंडावर सांगत होतं की लेन्स नाही. इतका कोडगेपणा त्यांनी तेलाच्या दुकानदारांतही पाहिला नव्हता. शेवटी लेक हसत आली, तिनं कुठल्याशा यादीच्या सातव्या पानावर जाऊन 'लेन्स नसतानाही फोटो काढावा' अशी परवानगी कॅमेऱ्याला दिली, आणि मग तो राजी झाला. म्हणजे लेन्स आहे हे त्यानं शेवटपर्यंत मान्य केलं नाहीच, फक्त दुर्लक्ष करायचं कबूल केलं.

पहिला फोटो धुक्यात बुडालेला आला. लेन्सच्या आत बुरशीचं जाळं होतं. ही बातमी वरच्या मजल्यावरच्या मास्तरांना कशी कळली देव जाणे, पण ते तडक खाली आले. मास्तर शाळेत पस्तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले, आणि तेव्हापासून श्रोत्यांच्या शोधात. "ऊन!" ते म्हणाले. "अहो, बुरशीला ऊन सोसत नाही. गच्चीवर ठेवा तीन दिवस. पण खालून हवा खेळती हवी. दोन बुचांवर उभी करा. आणि खाली काहीतरी मऊ घाला, काचेला ओरखडा नको." मऊ म्हणून त्यांनी उदार मनानं आपली लोकरीची शाल दिली, चौपदरी घडी करून.

भर दुपारी गच्चीवरून जळकट वास आला. लेन्सनं ऊन गोळा करून खालच्या शालीवर नेमकं एका टिंबावर आणलं होतं. तसं पाहिलं तर भोक एकच होतं. पण घडी चौपदरी असल्यामुळे शाल उलगडल्यावर चार निघाली. मास्तर त्या चार भोकांतून बराच वेळ आभाळाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बहिर्गोल भिंग. नाभीय अंतर. नववीचा धडा आहे." आणि पुढं आठ दिवस ते निरीक्षकांशी बोलले नाहीत. बुरशी होती तिथंच होती. ती शेवटी दुरुस्तीवाल्यानं एक सुस्कारा सोडून पाच मिनिटांत पुसून दिली.

आता लेन्स स्वच्छ झाली आणि खरी पंचाईत सुरू झाली. कडी फिरवत फिरवत वस्तू नेमकी कुठं स्पष्ट होते ते डोळ्यांनी ठरवायचं होतं. कॅमेऱ्याच्या मागचा पडदा वीतभर अंतरावर, आणि वीतभर अंतरावरचं जग निरीक्षकांना सोडून जाऊन चार वर्षं झाली होती. त्यांनी बादलीचा फोटो काढला. बायकोला समोर बसायला सांगितलं तर ती म्हणाली, "मला कामं आहेत," म्हणून बादलीचा. ती बादली आहे हे फक्त काढणाऱ्याला माहीत होतं.

"अंधुक आलाय," बायको म्हणाली.

"जुन्या काचेचा स्वभाव आहे तो."

"आणि चष्मा लावला तर काचेचा स्वभाव बदलेल का?"

निरीक्षकांनी हा प्रश्न ऐकलाच नाही. ऐकू न येणं हे त्यांच्या बाबतीत दिसण्याच्या अडचणीपेक्षा जुनं होतं. त्यांनी तो फोटो फोनवरच्या जुन्या लेन्सप्रेमींच्या गटात टाकला. तिथं एकानं लिहिलं, 'वा! काय मुलायमपणा!' दुसऱ्यानं लिहिलं, 'आजकालच्या लेन्सना ही माया कुठून यायची?' तिसऱ्यानं तर पहाटेचा तलाव म्हणून त्याची तारीफ केली. बादलीचा तलाव झालेला पाहून दुसरा कुणी सावध झाला असता. निरीक्षकांनी फोन बायकोपुढं धरला.

लेकीला मात्र आत्याची काळजी होती. तिनं कॅमेऱ्यात एक सोय सुरू करून दिली. जे स्पष्ट दिसतंय त्याच्या कडा पडद्यावर लाल व्हायच्या. "बाबा, आत्याच्या डोळ्यांवर लाल आलं की दाब. बाकी काही बघू नकोस. आणि एक सांगू? आपली नेहमीची लेन्सही बरोबर ने. जुनीवर काढ हौसेनं, पण चार फोटो तिच्यावरही काढ."

हे शहाणपण घरातच जन्मलं असल्यामुळे त्याला मान मिळायचं कारण नव्हतं. तरी निरीक्षक "बघू" म्हणाले. कदाचित नेलीही असती. पण मध्ये इस्पितळाचा सुरक्षा विभाग आला.

इस्पितळात कॅमेरा न्यायला परवाना लागतो. सुरक्षा अधिकारी हा गोल, घामेजलेला, कागदांवर मनापासून प्रेम करणारा माणूस होता. त्याच्या अर्जात वस्तूचं नाव, नग आणि क्रमांक असे तीन रकाने होते. "कॅमेऱ्याचा क्रमांक वेगळा, लेन्सचा वेगळा," तो म्हणाला. "म्हणजे दोन वस्तू. अर्जात जागा दोनच वस्तूंची. तिसरी वस्तू म्हणजे दुसरा अर्ज, आणि त्याची मुदत कालच संपली. तेव्हा कुठली लेन्स लिहू? नीट सांगा, शाईनं लिहितोय."

दोन लेन्सचे क्रमांक निरीक्षकांनी कागदावर लिहून आणले होते. त्यांनी कागद हात लांब करून वाचला. अधिकारी कौतुकानं म्हणाला, "चष्मा नाही हो तुम्हाला? मला पस्तिशीलाच लागला."

"तीस वर्षं काट्याच्या सुया वाचतोय," निरीक्षक म्हणाले. "नजर हेच आमचं हत्यार." आणि या वाक्याच्या भरात त्यांनी क्रमांक दिला तो चारशे दहा ग्रॅमवालीचा. शाई उमटली. परवान्यावर वेळ होती शेवटच्या दिवशी चार ते साडेचार, सुरक्षा अधिकाऱ्याच्या समक्ष.

त्या दिवशी निघताना बायकोनं चष्मा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात घातला. त्यांनी तो तसाच राहू दिला.

ताईची खोली त्यांनी आजवर पाहिलीच नव्हती. चौतीस वर्षांत एकदाही नाही, हे तिथं उभं राहिल्यावर लक्षात आलं आणि त्यांना आपलीच लाज वाटली. एक खिडकी, तीही वर, बाहेरून जाणाऱ्यांचे पाय दिसतील एवढीच. एक फिरती खुर्ची, तिच्या पाठीवर उशी. आणि समोर भिंतभर तो बोर्ड. प्रत्येक भोकाखाली ताईच्या अक्षरातली चिठ्ठी. बारीक दिवे लुकलुकत होते, ताई कानाला यंत्र लावून बोलत होती, "हो, देते हं. धीर धरा. डॉक्टर आहेत, देते." घरी कधी न ऐकलेला आवाज होता तो. मऊ, पण त्याला धरून माणूस उभा राहील असा. तिनं ठेवणीतले कपडे घातले होते, केस नीट बसवले होते, आणि गालांवर किंचित पावडरही लावली होती. निरीक्षकांनी तिला पावडर लावलेली कधी पाहिली नव्हती.

"दोन मिनिटं हं, छोट्या. हा एवढा फोन देते, मग वळते."

निरीक्षकांनी वेळ वाया घालवला नाही. त्यांनी कॅमेऱ्याची तिपाई मांडली (तिला क्रमांक नसल्यामुळे परवानाही लागला नव्हता), पात्या पूर्ण उघडल्या, आणि ताई बोर्डाकडे तोंड करून बसलेली असतानाच कडी फिरवायला घेतली. फिरवता फिरवता पडद्यावर लाल उसळलं. भोकं, तारा, दिवे, चिठ्ठ्या, सगळीकडे लालच लाल. इतकं भरघोस लाल त्यांना घरी बादलीवर कधी मिळालं नव्हतं. काटा शून्यावर आला होता. आणि काटा शून्यावर आल्यावर वजनमापे खात्याचा माणूस काय करतो? मोहोर लावतो. निरीक्षकांनी खिशातून चिकटपट्टी काढली आणि कडी हलू नये म्हणून तिच्याभोवती तीन वेढे पक्के आवळून टाकले.

मग ताई वळली. खुर्ची बोर्डापासून दीड हात पुढं आली, आणि ती हात मांडीवर ठेवून कॅमेऱ्याकडे बघून हसली.

दीड हात. पदार्थविज्ञानाच्या मास्तरांना विचारलं असतं तर त्यांनी शालीकडे बोट दाखवून सांगितलं असतं की दीड हातात काय होतं. पण मोहोर लागली होती. मोहोर लागलेला काटा पुन्हा तपासायचा नसतो, हा तीस वर्षांचा नियम निरीक्षकांच्या रक्तात होता. पडद्यावर तांबडं दिसत होतं. ते ताईच्या डोळ्यांवर आहे की मागच्या भोकांवर, हे त्यांना वीतभर अंतरावरून कळणं शक्य नव्हतं.

"चेहरा येतोय ना रे नीट?"

"ताई, तू फक्त हस. बाकी माझ्यावर सोड."

मध्येच मागं दिवा लागायचा, ताई वळायची, "देते हं" म्हणायची, पुन्हा फिरून हसायची. प्रत्येक वेळी पहिल्याइतकंच मनापासून. निरीक्षकांनी तीस-चाळीस फोटो काढले. एकदा त्यांना वाटलं, एक तरी नीट बघावा. हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला. चष्म्याची दांडी बोटांना लागली. तेवढ्यात दाराशी घड्याळ घेऊन उभा असलेला सुरक्षा अधिकारी म्हणाला, "मानलं बुवा! या वयात, बिनचष्म्याचं!" खिशातला हात रुमाल घेऊन बाहेर आला आणि त्यानं कपाळ पुसलं.

"चार अठ्ठावीस," अधिकारी म्हणाला.

निरीक्षकांनी कॅमेरा पिशवीत भरला.

घरी लेकीनं फोटो मोठ्या पडद्यावर लावले. निरीक्षक लांब बसले होते. लांबचं त्यांना दिसत होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते दिसलं नसतं तर बरं असं वाटलं. बोर्ड अप्रतिम आला होता. भोकांच्या कडा, तारांवरचं झिजलेलं विणकाम, एका कोपऱ्यातली धूळ, चिठ्ठ्यांवरचं ताईचं किरटं अक्षर, 'प्रसूती', 'रक्तपेढी', 'स्वयंपाकघर', सगळं वाचता येत होतं. आणि त्याच्यापुढं, बरोबर मधोमध, माणसाएवढा एक फिकट डाग होता. डागाला डोळे नव्हते. हसू तर नव्हतंच. दुसरा फोटो तसाच, तिसरा तसाच. मोहोर पक्की होती. एकही फोटो केसभर ढळला नव्हता.

लेक पुढं पुढं बटण दाबत गेली आणि मग थांबली. सव्वीस वर्षांच्या संसारात बायकोला बोलायची इतकी सोन्यासारखी संधी पुन्हा आली नसती, आणि ती बोलली नाही, याचंच निरीक्षकांना जास्त लागलं.

ते उठले, कॅमेरा आणि लेकीनं हातात कोंबलेली नेहमीची लेन्स घेऊन रिक्षानं इस्पितळात गेले. परवाना संपला होता, पण अधिकाऱ्यानं त्यांचा चेहरा बघून अर्ज मागितला नाही. खोलीत चार माणसं बोर्डाचा शेवटचा तुकडा तिरका करून दारातून बाहेर काढत होती. तारा कापलेल्या होत्या. भिंतीवर बोर्डाएवढा पांढरा चौकोन उरला होता. फिरती खुर्ची तेवढी होती, तिच्यावरची उशी ताईनं नेली होती.

पुढचे आठ दिवस निरीक्षक ताईकडे गेले नाहीत. लेकीनं आपल्या परीनं इलाज केला. तिच्या फोनमध्ये अंधुक चेहरे स्पष्ट करून देणारं काहीतरी होतं. त्यानं त्या डागाला डोळे दिले, नाक दिलं, दातांची सरळ ओळ दिली. बाई देखणी होती. ओळखीची मात्र नव्हती.

शेवटी दोन्ही फोटो मोठे करून, पाकिटात घालून निरीक्षक ताईकडे गेले. आधी देखणा पुढं केला. माणूस पडला तरी नाक वर ठेवायचा प्रयत्न करतोच. ताईनं तो खिडकीपाशी नेला. "ही कोण रे?"

"तू."

"चल! माझे दात कधी असे होते?" तिनं तो उलटा करून टेबलावर ठेवला. "दुसरा दाखव."

दुसरा तिनं फार वेळ पाहिला. तिचं बोट डागावरून बाजूला सरकलं, चिठ्ठ्यांवरून फिरत राहिलं. "हे बघ, प्रसूती. सगळ्यात जास्त झिजलेलं भोक. हा रक्तपेढीचा दिवा, हा कायम उशिरा लागायचा. सगळं आलंय की रे."

"ताई, तूच नाही आलीस." निरीक्षक म्हणाले. "बोर्ड आला, तू नाही आलीस. मी आधी काटा जुळवला, मग तू पुढं आलीस, आणि मी परत बघितलंच नाही. चष्मा खिशात होता माझ्या. काढला नाही. तो माणूस उभा होता ना तिथं, म्हणून काढला नाही."

ताईनं फोटोवरून मान वर केली नाही. "दिसत होता खिशात," ती म्हणाली. "मी म्हणणारही होते, लाव रे बाबा तो. पण तो तुझं इतकं कौतुक करत होता. त्याच्यासमोर तुला खाली बघायला कशाला लावू?"

निरीक्षकांना दुकानदारांची आठवण झाली, ज्यांच्याकडे ते तोंड उतरेपर्यंत बघत असत. असं कुणी त्यांच्याकडे या क्षणी बघितलं असतं तर फार बरं वाटलं असतं. ताई बघत नव्हती. ती चहाचं आधण ठेवायला उठली होती.

"ताई, मी कॅमेरा आणलाय," ते तिच्या मागं स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. "चांगली लेन्स लावून. चष्माही आणलाय. इथं खिडकीत बस, उजेड छान आहे. एक मिनिट लागेल. चेहरा इतका स्वच्छ येईल बघ."

ताईनं पातेल्यावर झाकण ठेवलं.

"आता कशाला रे?" ती म्हणाली, रागानं नाही, अगदी साधेपणानं. "घरातली मी सगळ्यांनी बघितलीय."

तिनं तो डागाचाच फोटो चौकटीत घालून बाहेरच्या खोलीत लावला. महिन्याभरानं निरीक्षक गेले तेव्हा इस्पितळातली एक परिचारिका भेटायला आली होती. वीस वर्षं रोज आवाज ऐकला आणि तोंड आज पाहतेय, असं म्हणून ती ताईचे हात हातात घेऊन बसली होती. मग तिची नजर भिंतीवर गेली. ती उठून फोटोजवळ गेली, डोळे बारीक करून बघितलं.

"बोर्ड काय सुरेख आलाय हो! आणि यात तुम्ही कुठं?"

"ही काय, मधोमध," ताई म्हणाली, "ती मी. माझ्या भावानं काढलाय."

परिचारिकेनं वळून निरीक्षकांकडे बघितलं आणि "छान आहे," म्हणाली. निरीक्षक मान खाली घालून कपातला चहा बराच वेळ ढवळत बसले.